फोटोची गरज नाही

17 एप्रिलला संध्याकाळी काकांच्या बिझनेस व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. स्टीलच्या ताटलीत उभा कापलेला हापूस. साल सुरेख केशरी, वर एक डाग नाही, आणि आत कोयीभोवती पांढरट, भोकाभोकांचा, स्पंजासारखा गर. खाली एकच ओळ होती: "पेटी 14/37. असे चार निघाले."

साका, आंब्याच्या गराचा आतून होणारा बिघाड. आंबेवाल्यांच्या घरात हा शब्द मोठ्याने उच्चारत नाहीत.

मी रत्नागिरीत राहते आणि छोट्या व्यवसायांचं ऑनलाइन मार्केटिंग बघते. कोकम सरबत करणाऱ्या दोघी बहिणी, गुहागरचं एक होमस्टे, साड्यांचं दुकान असे अकरा जण आहेत. पावस-पूर्णगड रस्त्यावर बाग असलेले काका त्यातले सगळ्यात जुने. लोकांना वाटतं माझं काम म्हणजे रील करणं आणि ड्रोन उडवणं. खरं काम याद्या नीट ठेवण्याचं आहे. कोणी काय घेतलं, कधी घेतलं, मागच्या वेळी काय म्हणाले होते. पुण्यात एजन्सीत होते तेव्हा रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर दुकानाचं नाव टाकून "शुभ सकाळ" पाठवायचं काम करायचे. त्याला तिथे 'नातं जोडणं' म्हणत. मी ते काम सोडलं याचं मला आजही समाधान आहे. "किंमत इनबॉक्समध्ये" असं लिहिणारा व्यवसाय मी हाती घेत नाही. दर लपवला की विश्वास बसण्याआधीच जातो.

काकांनी थेट विक्री सुरू केली ती 2020 च्या लॉकडाऊनमध्ये, नाइलाजाने. वाशीच्या बाजारात माल पाठवायची खात्री उरली नव्हती आणि झाडावरचा आंबा थांबत नाही. पुण्यातल्या दोनतीन सोसायट्यांनी पेट्या मागवल्या, त्यातून पुढे यादी वाढत गेली. त्यांच्या वहीतली नावं मी शीटवर घेतली. हापूसला भौगोलिक मानांकन 2018 मध्ये मिळालं, त्याखाली काकांनी बागेची नोंदणी केली, त्याचं प्रमाणपत्र मी कॅटलॉगच्या पहिल्या चित्रात टाकलं. पण मला खरा अभिमान आहे तो लॉट नंबरचा. प्रत्येक तोडणीला एक नंबर, प्रत्येक पेटीला त्यापुढे दुसरा नंबर, मार्करने खोक्याच्या बाजूवर लिहिलेला. 14/37 म्हणजे चौदाव्या तोडणीतली सदतिसावी पेटी. ती कुठल्या कलमांची, कोणी भरली, कोणाकडे गेली हे मला एका मिनिटात सांगता येतं. पहिल्या वर्षी काका वैतागले होते, "अगो, आंब्याला काय आधार कार्ड काढतेस?" दुसऱ्या वर्षी स्वतःच नंबर घालायला लागले.

म्हणून त्या संध्याकाळी मला लगेच कळलं की हा 13 तारखेचा माल आहे. आंबा पुण्याला जातो तेव्हा तयार असतो पण पिकलेला नसतो. पेंढ्यात चारपाच दिवस राहतो, मग लोक कापतात. म्हणजे तक्रारी त्या दिवशी संपणार नव्हत्या, तेव्हा सुरू होत होत्या. रात्रीपर्यंत आणखी पाच आल्या. एकांनी थेट कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न टाकला: "हा खरंच रत्नागिरी आहे का?" सकाळपर्यंत नऊ.

सकाळी साडेसातला मी बागेत पोचले. काका पडवीत बसले होते, पुढ्यात त्याच लॉटमधले घरी ठेवलेले आंबे कापून पसरलेले. बारांतले तीन साक्याचे.

"तेरा तारखेला क्रेट कातळावर राहिले," ते म्हणाले. त्या दिवशी गडी उशिरा आले, तोडणी उन्हात गेली, टेम्पो वाटेत बंद पडला आणि तीन वाजेपर्यंत माल तापलेल्या कातळावर उभा होता. साक्याचं मूळ उष्णतेत आहे हे इथे सगळ्यांना माहीत आहे. जमिनीची धग फळाला लागते, आतला गर नीट पिकत नाही, बाहेरून काही दिसत नाही. म्हणून तर चौदा आणे, म्हणजे जवळपास पूर्ण, तयार झाला की देठासकट झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवायचा, सकाळीच उतरवायचा, उन्हात ठेवायचा नाही, कलमाखाली गवताचं आच्छादन करायचं. काका हे सगळं करतात. एक दिवस चुकला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून 1981 मध्ये रत्ना काढला, त्यात साका नसतो. काकांकडे त्याची दहा कलमं आहेत. गिऱ्हाईक मात्र हापूसच मागतं.

माझी तयारी झालेली होती. नऊ जणांना आधीच लिहून ठेवलेला माफीचा मजकूर, खराब आंब्यांचे फोटो मागवायचे, मोजून भरपाई द्यायची, कोथरूडच्या ग्रुपसाठी प्रमाणपत्राची प्रत आणि बागेचा व्हिडिओ. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेट्या किती गेल्या त्या दिवशी?"

"118. गिऱ्हाइकं 103."

"मग 103 जणांना कळव."

मी नको म्हटलं, आणि चांगलं अर्धा तास नको म्हणत राहिले. 94 जणांनी काहीच म्हटलेलं नव्हतं. कित्येकांनी अजून पेटी उघडलीही नसेल. त्यांना आपणच जाऊन सांगायचं की तुमचा आंबा खराब असू शकतो? ज्याला एक आंबा खराब निघाला असता तो विसरून गेला असता, आता तो शोधत बसेल. मी हे आजही खोटं मानत नाही. हिशेब म्हणून ते बरोबरच होतं.

काकांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला. "नमस्कार. 13 तारखेच्या तोडणीतल्या काही आंब्यांत साका निघतो आहे. बाहेरून कळत नाही. कापताना बघा. जितके खराब निघतील तितके कळवा, पुढच्या खेपेत भरून देतो. चूक आमची आहे, माल उन्हात राहिला."

मी शेवटी "कृपया फोटो पाठवा" असं जोडलं. त्यांनी वाचून ते काढायला लावलं.

"माझा आंबा खराब निघाला नि पुरावा मी मागू?"

"काका, कोणीही काहीही आकडा सांगेल."

"सांगूदे. लिही, फोटोची गरज नाही."

मी लिहिलं. तेव्हा मला त्यांचा रागच आला होता.

पुढचा भाग या धंद्याबाहेरच्यांना सहसा माहीत नसतो. ब्रॉडकास्ट लिस्टमधून, म्हणजे एकाच वेळी अनेकांना, पाठवलेला मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये सेव्ह केलेला आहे. बाकीच्यांकडे तो जातच नाही, आणि तुम्हाला कोणी तसं सांगतही नाही. तुम्हीच मेसेजची माहिती उघडून मोजायचं. मी मोजलं. 103 पैकी 71 जणांना पोचला होता. 32 जणांच्या फोनमध्ये आम्ही नव्हतोच. पाच वर्षं त्यांना आंबे पाठवतोय, दर मार्चला मोहोराचे फोटो पाठवतोय, आणि त्या फोटोंतला एकही त्यांना मिळालेला नव्हता. मी महिन्याच्या अहवालात "यादी 1,140" असं लिहायचे, तो आकडा त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर फुटला.

त्या 32 जणांना एकेक करून पाठवायला बसले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. त्यातली 19 नावं परदेशातली किंवा बंगळूरची होती. मुलगा न्यू जर्सीत, पेटी सदाशिव पेठेत आईवडिलांकडे. ऑर्डर मुलाची, पैसे मुलाचे, नंबर मुलाचा. मेसेज कितीही पाठवला तरी तो आंबा कापणाऱ्या हाताकडे जाणारच नव्हता. डिलिव्हरीसाठी घेतलेले घरचे नंबर शीटच्या शेवटच्या रकान्यात होते. त्या रकान्याकडे मी मार्केटिंग म्हणून कधी बघितलंच नव्हतं.

काका म्हणाले, "दे, मी फोन करतो."

दुपारी पडवीतच बसून त्यांनी 19 घरी फोन लावले. मी शेजारी लॅपटॉप घेऊन. पहिल्या तीन घरी "छान आहेत, छान आहेत" असंच उत्तर आलं. चौथ्या घरी एक आजी होत्या. त्याही आधी म्हणाल्या, "गोड आहेत हो, मुलगा दरवर्षी पाठवतो." काकांनी विषय सोडला नाही. पाऊस कधी झाला, मोहोर किती टिकला हे सांगत बसले. मग सहज म्हणाले, "आमच्या घरचे बारांतले तीन टाकले मी काल. तुमचे किती गेले?"

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. "सहा," आजी म्हणाल्या. "पण मुलाला सांगू नका हं. एवढ्या लांबून पाठवतो, त्याला वाईट वाटेल."

त्यानंतर काकांनी प्रत्येक घरी आधी स्वतःचे तीन सांगितले. 19 पैकी 11 घरांत साका निघालेला होता. एकाही मुलाने आम्हाला कळवलं नव्हतं, कारण एकाही मुलाला घरून कळवलेलं नव्हतं.

चार दिवसांत सगळे मिळून 211 आंबे भरून द्यायचे ठरले, म्हणजे साडेसतरा डझन. 900 रुपये डझनाच्या भावाने 15 हजारांच्या वर गेले. एकाने दोन डझनाच्या पेटीतले चोवीसही खराब सांगितले. मी काकांना ते नाव दाखवलं. त्यांनी चोवीस भरायला सांगितले आणि पुन्हा त्या नावाबद्दल बोलले नाहीत. मला ते पटलेलं नाही, अजूनही. पण 27 जणांनी "आमचे सगळे चांगले निघाले, काही नको" असं आपणहून कळवलं, हे मी धरलेलं नव्हतं. कोथरूडच्या त्या ग्रुपवर प्रमाणपत्र टाकायची वेळ आली नाही. ज्यांनी प्रश्न विचारला होता त्यांनीच काकांचा मेसेज तिथे चिकटवला.

एवढ्यावर मी हे लिहायला बसले नसते. मला झोपू देत नाही ती माझ्या शीटमधली दुसरीच एक खूण आहे. 2020 पासून ज्यांनी एकदाच पेटी घेतली आणि परत कधी आले नाहीत, अशा 140 जणांपुढे मी 'निष्क्रिय' असं लिहून ठेवलं होतं. एजन्सीत शिकलेला शब्द. दर मार्चला त्यांना दहा टक्के सवलतीचा मेसेज जायचा. कोणी उत्तर दिलं नाही की मी समजायचे, भाव परवडत नसेल, दुसरीकडे घेत असतील. त्या आजींचा "सहा" ऐकल्यापासून मला ती 140 नावं वेगळी दिसायला लागली. यातल्या कितींनी ताटलीत कापलेला आंबा बघितला, टाकून दिला आणि काहीच बोलले नाहीत?

मे संपल्यावर मी फोन करायला सुरुवात केली. विकायला काही नव्हतं, हंगाम संपला होता, तसं आधीच सांगायचे. आतापर्यंत 31 झाले. काही जण गाव बदलून गेलेत, काहींना भावच जास्त वाटला होता, दोघांनी फोन ठेवून दिला. साका निघाला होता म्हणणारे पाच. पाचव्या बाई नाशिकच्या. मी काकांसारखं आमच्याच चुकीपासून सुरू केलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"2022 ला," त्या म्हणाल्या. "सात निघाले होते. वाटलं, कशाला सांगायचं, लहान माणसं असतील. मग तुमचा सवलतीचा मेसेज आला. दोनदा आला."

मी काय उत्तर दिलं ते मला नीट आठवत नाही. पुढच्या एप्रिलमध्ये पहिल्या तोडणीतले सात आंबे त्यांच्याकडे जाणार आहेत, काकांनी वहीत लिहून घेतलंय. अजून 109 फोन बाकी आहेत.