जेम्सटाऊन, आई आणि मचूळ पाणी

आधीच कबूल करते: आम्ही आधी चुकीच्या जेम्सटाऊनला गेलो. जेम्सटाऊन म्हणजे इंग्रजांची अमेरिकेतली पहिली टिकलेली वसाहत, व्हर्जिनियात, १६०७ ची.

नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीहून पहाटे निघालो. नवरा म्हणाला विल्यम्सबर्गवरून जाऊ, मी म्हटलं सरीकडून, कारण तिकडून गेलं की जेम्स नदी फेरीबोटीने ओलांडता येते. बोट फुकट आहे. गाडीसकट फुकट, चोवीस तास. आईचा विश्वासच बसेना. तिचं माहेर दाभोळ खाडीच्या काठावर, धोपाव्याला जाणारी फेरी तिच्या सवयीची. "कोणीच पैसे मागायला येत नाही?" असं तिने तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा पर्स उघडून तयारीतच बसली.

या बोटीनेच घोळ केला. पलीकडचा काठ जवळ आला तशी डोलकाठ्यांची तीन जुनी जहाजं दिसली, आम्ही "हेच, हेच" करत तिकडे वळलो, तिकिटं काढली. दोन तास हिंडल्यावर कळलं की हे सगळं नव्याने उभं केलेलं आहे, खरी जागा थोडी पुढे, आणि तिचं तिकीट वेगळं. नवरा काही बोलला नाही. त्याचं न बोलणं मला विल्यम्सबर्गपर्यंत पुरलं.

तरी ती जहाजं बघितली ते बरंच झालं. डिसेंबर १६०६ मध्ये लंडनहून निघालेली तीन जहाजं आणि साडेचार महिन्यांचा प्रवास हे वाचताना डोळ्यांसमोर काहीतरी भव्य येतं. त्यातलं सर्वात धाकटं डिस्कव्हरी पाहून आई म्हणाली, "ही तर होडी." त्या होडीत एकवीस माणसं होती. मोठ्या जहाजाच्या पोटात उतरलो तर मला वाकून उभं राहावं लागलं, आणि माझी उंची पाच फूट दोन इंच.

खरं जेम्सटाऊन म्हणजे नदीला खेटून एक सपाट, दलदलीने वेढलेला तुकडा. एक विटांचा जुना चर्चचा मनोरा, १९०७ मध्ये उभारलेला उंच स्तंभ, आणि लाकडी खुंटांचं कुंपण. ते कुंपण मूळ खड्ड्यांच्याच जागी रोवलंय. वसाहतीचा मूळ किल्ला नदीने गिळला असं लोक धरून चालले होते. १९९४ मध्ये विल्यम केल्सो या पुरातत्त्वज्ञाने खणायला घेतलं आणि बराचसा किल्ला जमिनीवरच निघाला. जुलैतली दुपार होती. डास असे की फवारा मारूनही आम्ही चौघं टाळ्या वाजवत फिरत होतो. अमेरिकेची सुरुवात बघायला आलेल्या माणसाला इथे पहिल्यांदा काय वाटावं, तर इथे कोण राहील?

आईने पाच मिनिटांत निकाल दिला. विहिरीच्या जागेपाशी उभी राहून नदीकडे बघत म्हणाली, "खाडी आहे ही. इथे कुठेही खणलं तरी मचूळच पाणी लागणार. गाव वसवायचं तर वर जायचं. एवढं कळलं नाही?"

नव्हतं कळलं. किंवा कळलं तरी चाललं. स्पॅनिश जहाजं आली तर बचाव करता यावा आणि काठालगत पाणी खोल असल्याने जहाज झाडाला बांधता यावं, म्हणून ही जागा निवडली. सुरुवातीला विहीरही नव्हती, नदीचंच पाणी प्यायचे. भरतीला खारट, ओहोटीला गाळ. त्यात झाडांच्या वर्तुळांवरून आता असं दिसतं की १६०६ ते १६१२ ही या भागात जवळजवळ आठशे वर्षांतली सर्वात कोरडी सात वर्षं होती. नदीला वरून पाणी कमी, म्हणजे खारेपणा जास्त. उतरलेल्या १०४ जणांपैकी पुढच्या जानेवारीत ३८ उरले. हे सगळं मी घरून वाचून आले होते, फलकांवरही बरंचसं आहे. आईने फलक वाचला नाही. तिला चिखल वाचता येतो.

"आणि मे महिन्यात आले म्हणजे पेरणीही गेली," ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली.

संग्रहालयात मात्र ती थांबली. एका तरुण मुलीचा चेहरा, पांढरी टोपी, आणि शेजारी कवटीचे तुकडे. २०१२ मध्ये किल्ल्यातल्या एका तळघराच्या कचऱ्यात, घोड्याकुत्र्यांच्या हाडांत मिसळलेले सापडले. वय साधारण चौदा. कपाळावर चार उथळ घाव. आईने विचारलं, मारली का हिला? मी म्हटलं, नाही, आधीच मेली होती. नंतर कापली. खायला.

१६०९-१० चा हिवाळा. किल्ल्याला पॉव्हटन या तिथल्या मूळ रहिवाशांच्या सरदाराच्या माणसांचा वेढा, बाहेर पडेल तो मरेल. रसद घेऊन येणारं मुख्य जहाज बर्म्युडाला फुटलेलं. घोडे संपले, मग कुत्री, मांजरं, उंदीर, मग चपलांचं कातडं. सुमारे तीनशे माणसांतली साठेक वाचली. आई म्हणाली, "नदी एवढी मोठी, कालवं नव्हती?" होती. आणायला जाणार कोण?

मग विचारलं, नाव काय हिचं? मी म्हटलं, जेन, पण ते संशोधकांनी ठेवलं. खरं नाव कोणाला माहीत नाही. आई कितीतरी वेळ तिथेच उभी. मागच्या बाईने "एक्स्क्यूज मी" म्हटलं तरी हलली नाही. मला लाज वाटली आणि मी तिचा हात धरून बाजूला घेतलं. हे अजून खुपतं.

बाहेर पोकाहॉन्टसचा, म्हणजे त्या पॉव्हटनच्या मुलीचा, पुतळा. त्याचे दोन्ही हात लोकांनी धरून धरून सोन्यासारखे चकचकीत झालेत. मुलीने फोटो काढला. पोकाहॉन्टस हे लाडाचं नाव, खरी नावं अमोन्युटे आणि माटोआका, बाप्तिस्म्यानंतर रिबेका. आई म्हणाली, "हिला चार, आणि त्या पोरीला एकही नाही."

मी खरी आले होते दुसऱ्याच कोणासाठी. व्हर्जिनियातल्या १६३५ च्या एका जमिनीच्या नोंदीत नाव आहे: "टोनी, ईस्ट इंडियन", म्हणजे बहुधा हिंदुस्थानातला. कोणाच्या प्रवासाचा खर्च केला तर माणशी पन्नास एकर जमीन मिळायची. टोनीच्या नावावर ती जॉर्ज मेनिफी नावाच्या व्यापाऱ्याला मिळाली. टोनीला काय मिळालं, त्याची नोंद नाही. मला तो कुठल्याच फलकावर दिसला नाही, सगळे फलक मी वाचले असंही नाही म्हणा, उकाडा होता. गंमत अशी की ही वसाहत चालवणाऱ्या कंपनीचा खजिनदार टॉमस स्माइथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचाही गव्हर्नर. लंडनच्या पैशाचं एक टोक इथे चिखलात, दुसरं १६०८ मध्ये सुरतेला पोचलं. पहिल्या तीन जहाजांचा कप्तान ख्रिस्तोफर न्यूपोर्टही पुढे पूर्वेकडे गेला आणि जावातल्या बँटमला वारला. त्याच काळात दाभोळ हे आदिलशाहीचं भरभराटीचं बंदर होतं. हे ऐकून आई सुखावली.

दुसऱ्या दिवशी विल्यम्सबर्ग. गर्दी, घोडागाड्या, महागडं लिंबूपाणी.

परतीच्या बोटीत आई गाडीतून उतरून कठड्याशी उभी राहिली. "तो टोनी म्हणजे आंतोन असेल," ती म्हणाली. "गोव्याकडून नेलेला कोणी."

"कोणास ठाऊक. दक्षिणेतलाही असेल."

"असू दे. पण आईबापांनी टोनी ठेवलं नसणार." आणि पिशवीतून दशम्यांचा डबा काढला. सकाळी याच डब्यावरून मी तिच्याशी भांडले होते, इथे सगळं मिळतं गं म्हणून. तिने एक मला दिली, एक मुलीला, आणि गाड्या लावणाऱ्या बोटीवरच्या माणसालाही एक पुढे केली. तो आधी गोंधळला. मग हातमोजा काढून त्याने ती घेतली.