इंदूरच्या जुन्या भिंती

गणपती होऊन गेले होते आणि पाऊस सरत आला होता. जुन्या भिंती बघायला याहून चांगला काळ नाही. ओल कुठून चढते, कुठे अडते, सगळं उघड दिसतं.

पहिल्यांदा अर्थातच होळकरांचा राजवाडा. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १८०१ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याच्या फौजेने शहर जाळलं तेव्हा हा वाडा होरपळला, १९८४ च्या दंगलीत पुन्हा पेटला. अलीकडच्या दुरुस्तीत इथे सिमेंट टाळून चुना वापरला, त्यात गूळ, उडीद, बेलफळ घातलं. बेलाच्या चिकट गराने गिलावा धरून राहतो. गुळामुळे तो सावकाश आवळतो आणि गवंड्याला घोटायला वेळ मिळतो. मी भिंतीला तळवा लावून बराच वेळ उभी होते. चुन्याचा पृष्ठभाग हाताला मऊ लागतो, सिमेंटसारखा खरखरत नाही.

तिथून कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची स्मारकं, बघितल्या. कोरीव दगडकाम देखणं आहे, पण माझं मन भिंतींत अडकलेलं, म्हणून फार थांबले नाही.

खरा धडा मिळाला तो रामबागेत, मावशीच्या घरी. काका सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. घर वीट आणि चुन्याचं, आजोबांच्या वेळचं. काही वर्षांपूर्वी ओल दिसली म्हणून कुणीतरी कमरेइतकं सिमेंट थापून दिलं. आता सिमेंट कोरडं ठणठणीत, आणि त्याच्या वरची भिंत छातीपर्यंत फुगलेली, पांढरा लोणा फुटलेला.

"पाणी जमिनीतून चढतंच," काका म्हणाले. "चुन्यातून ते उडून जायचं. आपण दारच बंद केलं, मग ते वर गेलं. क्षार विटेत साठतात, वीट भुगा होते. गिलावा विटेपेक्षा नरम हवा, बेटा. झिजायचंच असेल तर त्याने झिजावं, तो पुन्हा लावता येतो."

पर्यावरणाचं बोलणं निघालं तेव्हाही ते भाबडेपणाने बोलले नाहीत. चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघतोच, भट्टीला इंधनही लागतं. पण विरवलेला चुना भिंतीवर गेल्यावर हवेतला तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडीसारखा दगड बनतो. सिमेंटची भट्टी मात्र १४५० अंशांच्या आसपास तापवावी लागते, आणि जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के धरला जातो. चुन्याच्या गिलाव्याला बारीक चीर पडली तर पावसाच्या पाण्याबरोबर थोडा चुना विरघळून तिथेच साचतो आणि चीर बुजते. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटली ती अशी घरं टिकण्याची: उभं असलेलं घर पाडून नवं बांधलं की आधीची सगळी मेहनत, सगळी वीट वाया.

हे काम घाईचं नाही, हे मान्य करायला हवं. चुना आठवडेच्या आठवडे पाण्यात मुरायला हवा, सुरखी (विटांची पूड) आणि वाळूबरोबर नीट मळायला हवा, पातळ थर एकावर एक चढवायला हवेत, मधल्या काळात भिंत ओलसर ठेवायला हवी. इंदूरच्या उन्हाळ्यात तो झपाट्याने वाळून तडकतो. आणि असा गवंडी मिळणं कठीण झालंय. इथे राजवाड्यावर हात बसलेल्या कारागिरांकडून तरुण पोरांनी शिकून घ्यावं, असं मनापासून वाटतं.

मावशीने पोह्यांची बशी पुढे केली, वर शेव आणि जिरावन मसाला. तिला घराची काळजी आहे, पण खर्चाचीही. शेवटी ठरलं असं: आधी पन्हाळीचं पाणी भिंतीपासून दूर वळवायचं, सिमेंट एका खोलीपुरतं खरवडायचं, वीट सुकू द्यायची आणि दिवाळीनंतरच्या थंडीत चुन्याचा गिलावा चढवायचा. चुना मुरवायला मागच्या अंगणातला जुना हौद काकांनी आताच घासून ठेवलाय.