अकरावा आठवडा: 16 वॅट वाढले, त्यातले 8 परत केले

सायकलच्या सरावाचा आठव्या आठवड्यापर्यंतचा हिशेब मागच्या नोंदीत दिला होता. या वेळची नोंद थोडी लाजिरवाणी आहे.

रविवारी 20 मिनिटांची टेस्ट केली, म्हणजे तेवढा वेळ जीव तोडून पेडल मारायचं. सरासरी 231 वॅट. त्याचे 95 टक्के, म्हणजे एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल एवढी ताकद) 219. सुरुवातीच्या टेस्टमध्ये 214 आले होते, एफटीपी 203. एकदम 16 वॅट! अर्धा तास हवेत होतो.

मग हार्टरेटचा आलेख उघडला. पहिल्या टेस्टला सरासरी 169 होती, या वेळी 161. जीव तोडून मारलेल्या दोन टेस्टमध्ये एवढा फरक मला पचेना. आठवून पाहिलं तर पहिल्या टेस्टची शेवटची दोन मिनिटं डोळ्यांपुढे अंधारी येत होती. या वेळी त्याच दोन मिनिटांत मी हात लांब करून पंख्याची दिशा नीट करत होतो. पंख्याकडे लक्ष जातंय म्हणजे पाय अजून शिल्लक आहेत.

घोळ पॉवरमीटरचा (पेडलच्या दांड्यात, म्हणजे क्रँकमध्ये बसून वॅट मोजणारं यंत्र) निघाला, म्हणजे खरं तर माझाच. सायकल पहाटेच्या गारठ्यातून आत आणली, ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) चढवली आणि लगेच वॉर्मअप सुरू. झिरो ऑफसेट (म्हणजे मीटर शून्यावर आणणं) बाहेर निघताना केला होता, आत आल्यावर नाही. क्रँकमधले स्ट्रेन गेज धातूवरचा अगदी बारीक ताण मोजतात. धातू तापला-गार झाला की त्यांचं शून्यच सरकतं. माझं मीटर जुनं, तापमानाशी स्वतःहून जुळवून घेत नाही. टेस्टनंतर पेडलवर पाय न ठेवता ऑफसेट पाहिला तर आकडा चांगलाच हललेला. वाणसामानाच्या काट्यावर आधीच वजन ठेवून तोलल्यासारखं झालं.

गुरुवारी पुन्हा टेस्ट. सायकल खोलीत तासभर ठेवली, दहा मिनिटं पेडल मारून परत शून्य केलं. 222 वॅट, हार्टरेट 168, आणि शेवटी पंखा कुठे आहे तेही कळत नव्हतं. एफटीपी 211. वाढ 8 वॅटची, पण माझी.

एवढी मारामारी का, तर हा एकच आकडा पुढच्या सगळ्या हिशेबात शिरतो. टीएसएसमध्ये (एका राईडचा एकूण ताण सांगणारा आकडा) तर त्याचा वर्ग येतो. तासभराची 160 नॉर्मलाइज्ड पॉवरची (चढउतार धरून काढलेली सरासरी) राईड घ्या: एफटीपी 203 धरला तर 62, 219 धरला तर 53. तोच घाम, नऊ पॉइंट गायब. मग टीएसएसवरून काढलेला 42 दिवसांचा फिटनेसचा आलेख खाली झुकतो आणि आपण उगाच जास्तीची राईड लावतो. (तसाही तो आलेख फिटनेस दाखवत नाही. किती काम केलं त्याची ती सरासरी आहे. आजारी पडून पाय ओढत केलेली राईडसुद्धा त्याला वर नेते.)

मला खरा आनंद एफटीपीने दिलाच नाही. दीड तास सपाट 150 वॅटची राईड दर दोन आठवड्यांनी करतो, छातीचा पट्टा लावून. मनगटावरच्या घड्याळाने हे करू नका, हँडल घट्ट धरलं की ते काहीही दाखवतं. पहिल्या आठवड्यात पूर्वार्धात हार्टरेट 138, उत्तरार्धात 149, म्हणजे वॅट आणि ठोक्यांचं गुणोत्तर 7 टक्क्यांहून जास्त घसरलं होतं. आता 134 आणि 139, घसरण साडेतीन टक्क्यांच्या आसपास. पाचच्या आत असलं की बेस (लांब दमाचा पाया) बरा, असं साधारण मानतात. खोली तीच, पंखा तोच, वेळ तीच. उकाडा वाढला तरी हा आकडा फुगतो म्हणून हे सांगतोय.

तिसरी नोंद फुकटची आहे: राईड संपल्यावर दहापैकी किती जड गेली ते लिहायचं आणि मिनिटांनी गुणायचं. ही दीड तासाची राईड एरवी 4, म्हणजे 360. मंगळवारी झोप नीट झाली नव्हती. वॅट तेच, हार्टरेट 133, सगळं छान. वहीत मात्र 7 लिहिलं, 630. बुधवारचे इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत मारायचे जोराचे टप्पे) तिथेच रद्द केले.

पुढच्या आठवड्यात 211 धरून 12 मिनिटांचे दोन स्वीटस्पॉट (एफटीपीच्या जरा खालचे टप्पे), साधारण 190 वॅटवर. हँडलबारवर चिकटपट्टी लावून त्यावर 'शून्य?' असं लिहून ठेवलंय.