जपानात लेथवर शिकायला जाताय? जाण्याआधी एवढं वाचा

आयटीआयत टर्नर (लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापणारं मशीन चालवण्याचं शिक्षण) केलेल्या मुलाला जपानच्या कारखान्यात मशीन अवघड जात नाही. अवघड जातं ते तोंड उघडणं. मान खाली घालून सांगेल ते काम करणारा अप्रेंटिस आपल्याकडे गुणी ठरतो, तिथे गप्प राहणारा शिकाऊ सगळ्यांना धोक्याचा वाटतो. आयची प्रांतातल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये मी टेक्निकल इंटर्न होतो, म्हणजे जपान सरकारच्या योजनेतून काम करत शिकणारा. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना होता. तिथून परत येताना मनात सगळ्यात पक्कं बसलेलं हेच होतं.

नागोयाजवळच्या चुबू विमानतळावर उतरलात की इमिग्रेशनलाच रेसिडेन्स कार्ड हातात पडतं. ते सतत जवळ बाळगावं लागतं. राहण्याची जागा ठरल्यापासून १४ दिवसांत पालिका कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो. बहुतेक वेळा इंटर्न आणि कंपनीवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा माणूस सोबत येतो. पहिला महिनाभर कारखान्यात पाऊलही टाकायचं नसतं. तो काळ वर्गाचा: भाषा, वाहतुकीचे नियम, कचरा वेगळा करणं, कामगार कायदा. कायद्याच्या तासाला सगळे पेंगतात. तुम्ही पेंगू नका. पासपोर्ट किंवा कार्ड 'सांभाळून ठेवतो' म्हणून काढून घेणं, मध्येच काम सोडल्यास दंड भरण्याचा करार करणं या दोन्हींवर तिथल्या कायद्याने बंदी आहे, हे त्याच तासाला कळतं.

कारखान्यात दिवस सुरू होतो तो रेडिओच्या तालावरच्या कवायतीने. मग उभ्या उभ्या छोटी सभा, आज काय काम आणि काय धोका. मशीन सुरू करण्याआधी प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवून मोठ्याने 'योशी' (ठीक आहे) म्हणायचं. चक (जॉब धरणारा भाग) घट्ट, योशी. चकची किल्ली काढली, योशी. पहिल्या आठवड्यात हसू येतं. पण रात्रपाळीला डोळे जड झाले की हे बोटच शुद्धीवर आणतं. फिरत्या लेथवर हातमोजे घालायचे नाहीत आणि चिप्स (कापताना निघणारे धातूचे तुकडे) हुकानेच ओढायच्या, हे आपल्याकडेही शिकवतात. तिथे फक्त ते पाळलं जातं!

सुरुवातीला लेथ मिळेल या आशेवर जाऊ नका. बर (कापल्यावर राहिलेली धारदार कड) काढणं, चिप्स उचलणं, तेल पुसणं आणि मोजणं, एवढंच काम असतं. त्यातलं मोजणं मन लावून करा. रोज सकाळी मायक्रोमीटरचा शून्य तपासून शीटवर लिहायचा. मशीनवरून नुकताच उतरलेला गरम जॉब (बनवायचा तुकडा) मोजायचा नाही, कारण धातू तापला की फुगतो आणि ०.०१ मिमीच्या खेळात तेवढं पुरतं. माझ्या वरच्या कामगाराने कितीतरी दिवस माझा प्रत्येक जॉब स्वतः पुन्हा मोजला. राग येई. दोघांचे आकडे जुळायला लागले तशी त्याची तपासणी हळूहळू कमी झाली आणि लेथ मिळाला.

त्या शॉपमधला सगळ्यात महत्त्वाचा नियम भिंतीवर लिहिलेला होता: तोमेरु, योबु, मात्सु. काही वेगळं दिसलं तर मशीन थांबव, माणसाला बोलव आणि तो येईपर्यंत थांब. पहिली दोन कामं कोणीही करतो. तिसरं आपल्याला जमत नाही. तो येईपर्यंत आपण ऑफसेट (टूलच्या जागेचा मशीनमधला आकडा) बदलून बघतो, टूल फिरवून बघतो आणि तो आला की 'झालं ठीक' म्हणतो. आपल्याकडे त्याला हुशारी म्हणतात. तिथे चेहरे पडतात, कारण बिघाड का झाला होता याचा माग आपण पुसून टाकलेला असतो. आणि बोलावल्याबद्दल, अगदी कारण फालतू निघालं तरी, मला कोणी रागावलं नाही.

जपानी भाषेचं एन-४ पातळीचं प्रमाणपत्र उपयोगी आहे, पण शॉपमधली बोली त्या पुस्तकात नसते. निघण्याआधी आकडे आणि दशांश झटपट ऐकून लिहायचा सराव करा, नोगिसु (व्हर्नियर), किरिको (चिप्स), बारी (बर), हामोनो (कटिंग टूल) असे शब्द पाठ करा. समजलं नसताना 'हाय' (हो) म्हणून मान हलवू नका. मी सूचना ऐकली की ती माझ्या मोडक्या जपानीत परत बोलून दाखवायचो. चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त व्हायचं. खिशात छोटी वही हवीच. वही काढून लिहिणाऱ्या पोराला तिथे आपोआप जास्त शिकवलं जातं, हा माझा अनुभव.

पहिल्या वर्षात कौशल्याची प्राथमिक परीक्षा असते, लेखी आणि प्रात्यक्षिक. ती पास झाल्याशिवाय पुढची दोन वर्षं मिळत नाहीत, आणि नापास झाल्यास एकच संधी उरते. प्रात्यक्षिकाचा सराव कधी करायचा हे कंपनीला आधीच विचारून ठेवा. कामाच्या गर्दीत ते कोणाच्याही लक्षात राहत नाही.

आता पैसे. करारावरची रक्कम आणि हातात येणारी रक्कम यांत मोठा फरक असतो: प्राप्तिकर, आरोग्य विमा, पेन्शन, रोजगार विमा, शिवाय खोलीचं भाडं आणि वीज-पाणी. पेन्शनमध्येच पगाराच्या ९.१५ टक्के जातात. दुसऱ्या वर्षी जूनपासून स्थानिक कर सुरू होतो आणि पगार कमी झाल्यासारखा वाटतो. घरी आधीच सांगून ठेवा. ओव्हरटाइमला किमान २५ टक्के जादा दर असतो, म्हणून आपले तास वहीत लिहा आणि दर महिन्याला पगाराच्या चिठ्ठीशी ताडून बघा. तफावत दिसली तर आधी कंपनीत विचारा. देखरेख संस्थेला तीन महिन्यांतून किमान एकदा कंपनीची तपासणी करावीच लागते, तेव्हा बोला. तिथेही दाद मिळाली नाही तर ओटिट या सरकारी यंत्रणेकडे इंग्रजीत तक्रार करता येते. येनचे रुपये करायची सवय मात्र सोडा, नाहीतर चहाही घशाखाली उतरत नाही.

राहण्याबद्दल थोडक्यात. सायकल मिळाली की तिची नोंदणी करा, डबल सीट नको, हेल्मेट घाला. हिवाळ्यात डोंगरावरून येणारा वारा हाडांपर्यंत जातो, उन्हाळा चिकट. शाकाहारी असाल तर 'भाज्यांचं सूप' यावर विश्वास ठेवू नका, बहुतेक रश्शात माशाचा अर्क असतो. स्वयंपाक शिकून जा. नागोयात नेपाळी-भारतीय किराणा मिळतो.

१९९३ पासून चालू असलेली ही टेक्निकल इंटर्न योजना आता जाणार आहे. एप्रिल २०२७ पासून तिच्या जागी 'इकुसेई शूरो' पद्धत येतेय. जुन्या योजनेत कंपनी बदलणं जवळपास अशक्य होतं, नव्या पद्धतीत अटी पूर्ण केल्या तर एक-दोन वर्षांनी त्याच क्षेत्रात बदलता येईल. म्हणजे एजंट काय सांगतो ते कोणत्या योजनेबद्दल आहे, हे आधी विचारा. पैसे देण्याआधी त्याची पाठवणी संस्था (इथून मुलं जपानला पाठवणारी) अधिकृत आहे का, तेही तपासा.

परत निघताना पालिकेत स्थलांतराची नोंद करा आणि पेन्शन क्रमांकाचा कागद सामानात न टाकता हाताशी ठेवा. किमान सहा महिने पेन्शन भरली असेल तर जपान सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत एकरकमी परतावा मागता येतो. त्यातून २०.४२ टक्के कर कापला जातो. तो परत मिळवण्यासाठी जपानात राहणारा कर-प्रतिनिधी नेमावा लागतो, आणि तो माणूस निघण्याआधीच ठरवून घ्या.