खरवड

होडीचा जुना रंग काढताना पट्टी नेमक्या कोनात बसली, तर कधी कधी तळहाताएवढा पापुद्रा अखंड सुटून येतो. परवा दुपारी गॅरेजच्या दारात असा एक सुटला. मी तो उलटा केला, उन्हात धरला, कडेने निरखला आणि शर्टाच्या खिशात टाकला. खिशात का, ते विचारू नका. बायकोने विचारलंच. जुन्या रंगात शिसं असू शकतं हे तिला माहीत आहे. चाचणी करून घेतलीय, पाणी मारूनच खरवडतोय, तोंडावर मास्क आहे, असं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते ठीक आहे रे, पण खिशात का?"

त्या पापुद्र्याच्या कडेला चार रंग दिसत होते. सगळ्यात वर मळकट शेवाळी. म्हणजे मधला कुणी मालक बदकांच्या शिकारीला जाणारा असणार. गवतात दबा धरायचा तर होडी चमकून चालत नाही. त्याखाली लाल, हौशी माणसाचा, ब्रशचे फराटे तसेच ठेवून दिलेला. मग एक पिवळट थर. तो पूर्वी पांढरा होता की मुळातच तसा, सांगता येत नाही. आणि तळाशी कारखान्यातला पातळ, एकसारखा हिरवा. हिरव्याखाली पत्रा.

होडी चौदा फुटी, अ‍ॅल्युमिनियमची, मधे तीन आडवे बाक. आमच्या समोरच्या आजोबांची. त्यांचे गुडघे गेले, म्हणून ट्रेलरसकट त्यांनी ती मला जवळजवळ फुकटात दिली. अमेरिकेतल्या मिनेसोटात राहून होडी नाही, याचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटत असावं. इथल्या गाड्यांच्या नंबरपाटीवर दहा हजार तळी लिहिलेली असतात. खरा आकडा 11,842, आणि तोही दहा एकरांहून मोठी तेवढीच तळी मोजून. होडीच्या मागच्या फळीवर बारा आकडी-अक्षरी ओळख-नंबर कोरलेला नाही. तो अमेरिकेत नोव्हेंबर 1972 पासून सक्तीचा झाला, तेव्हा ही त्याच्या आधीची. मला मासेमारीतलं खाण्यापलीकडे काही कळत नाही. होडी घेतली ती तिचा रंग सुटत होता म्हणून, पण हे आजोबांना कसं सांगणार?

आई सध्या आमच्याकडे आहे. उन्हाळ्यापुरती येते. गॅरेजच्या सावलीत खुर्ची टाकून ती माझं काम बघत बसते. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "ह्या गंजता काय रे?"

"नाही."

"मगे रंग कित्याक?"

याला उत्तर नाही. जर्मलच्या, म्हणजे याच पत्र्याच्या, भांड्यांवर तिने संसार केलाय, तिला या धातूचं मी काय सांगणार? अ‍ॅल्युमिनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा थर बसतो, जाडी काही नॅनोमीटर, आणि तोच त्याचं रक्षण करतो. ओरखडा काढा, क्षणात पुन्हा धरतो. ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की मात्र पातेलं खराब होतं, कारण आंबटात तो थर टिकत नाही. म्हणून आमच्याकडे सोलकढीला जर्मलचं भांडं कधी लागलं नाही. गोड्या पाण्यातल्या होडीला खरं तर रंगाची गरजच नसते. उघडी ठेवा, राखाडी पडेल, माणसापेक्षा जास्त जगेल. आजोबांनीही तेच सांगितलं होतं. उन्हात डोळ्यांवर चमक येते, असं काहीतरी मी त्यांना म्हणालो.

खरं कारण दुधाच्या पातेल्यात आहे. लोणी कढवलं की बेरीवर हक्क कुणाचा, यावरून आमच्या घरात भांडणं व्हायची. मला बेरीचं विशेष नव्हतं. मला हवी असायची दूध आटवलेल्या पातेल्याची खरवड. तीही खाण्यापेक्षा काढायला. कालथ्याची कड तळाला टेकवायची, दाब द्यायचा, आणि ती तपकिरी साल गुंडाळत वर यायची. मधेच तुटली की जीव हळहळायचा. धाकट्या बहिणीला खायला देऊन मी नुसतं खरवडण्याचं काम मिळवायचो. ती अजून समजते की मी फार प्रेमळ भाऊ होतो.

मे महिन्यात आजोळी, विजयदुर्गला गेलो की या कामाला मोठं मैदान मिळायचं. पाऊस तोंडावर आला की होड्या वर ओढायच्या. वाळूवर ओंडके टाकून, दोर लावून, अर्धा गाव ओढायला. आम्हा पोरांना दोराचं टोक धरायला मिळे. तिथे जोर लावला काय, न लावला काय, सारखंच. होडी माडाखाली आली की तिला टेकू देऊन तिरपी करत, आणि मग तिचं पोट दिसे. एरवी पाण्यात डौलाने चालणारी ती होडी खालून इतकी घाणेरडी असते हे बघून मला पहिल्यांदा धक्काच बसला होता. हिरवी शेवाळ, पांढरे करकरीत शिंपले, आणि उग्र वास. मामाच्या शेजारचे तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके, सुक्या चुडतांचा जाळ करून तळ शेकत, लाकूड पोखरणारे किडे मरावेत म्हणून. मग खरवडणं. त्यांच्याकडे मोडक्या करवतीच्या पात्याला मूठ बसवून केलेलं एक हत्यार होतं. ते माझ्या हाती द्यायला त्यांनी किती आढेवेढे घेतले! दिलं तेव्हा वर बजावलं, "रंग काड, लाकूड काडू नको." मी एका दुपारी सुपभर जागा साफ केली असेन. ते येऊन बघून गेले, काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी हत्यार परत मागितलं नाही.

पुढचं काम त्यांचं. फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकणं, त्यावर चंद्रुसाची राळ, मग मुशी माशाचं तेल. त्या तेलाचा वास अंगाला लागला की आजी पडवीवरूनच विहिरीकडे पिटाळायची. लाकडाला हे सगळं करावंच लागतं. नाही केलं तर दोन पावसाळ्यांत होडी जाते. तिथे रंग म्हणजे गरज होती. विजयदुर्गच्याच वाघोटनच्या खाडीत, गिर्ये गावी, मराठा आरमाराची खडक फोडून केलेली गोदी आहे; गलबतंही डागडुजीसाठी अशीच कोरड्यावर येत असणार, आणि तिथेही कुणी तरी पोरगं पात्यासाठी मागे लागलं असणार. इतिहासात त्याची नोंद नाही.

पत्र्याच्या होडीचे सोवळेपणाचे नियम लाकडापेक्षा कडक निघाले. लोखंडी तारेचा ब्रश लावायचा नाही; लोखंडाचे कण पत्र्यात रुतून बसतात आणि मग रंगाखालून गंजाचे ठिपके उमटतात. पट्टी प्लास्टिकची. रंग उतरवायचं जुनं जालीम औषध, मिथिलीन क्लोराइडचं, 2019 पासून इथे घरगुती वापरासाठी विकत नाहीत, कारण त्याच्या वाफांनी बंद जागेत माणसं दगावली होती. आता मिळतं ते संत्र्याच्या वासाचं, आणि स्वभावाने अत्यंत सावकाश. मला काय, चांगलंच आहे. लावायचं, प्लास्टिकचा कागद झाकायचा, दुपारचा चहा घ्यायचा, मग उघडून बघायचं. रंग सुरकुतलेला असतो. सुरकुतला की आपला.

पण खरं सोवळं तांब्याचं. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. समुद्रातल्या होड्यांच्या तळाला लावतात तो तांब्याचा रंग इथे चालत नाही. मागची फळी बदलायची तर तांब्याचं औषध मुरवलेलं लाकूडही नको. जुने लोक सांगतात, होडीच्या तळाशी तांब्याचं नाणंसुद्धा पडू देऊ नका, भोक पाडेल. इथला 1982 च्या आधीचा सेंट जवळजवळ सगळा तांब्याचा. त्यानंतरचा आत जस्त आणि वर नुसता मुलामा. आजी खाडी ओलांडताना न चुकता पाण्यात पैसा टाकायची. नेम धरून बाहेर टाकायची हे बरं, असं आता वाटतं.

रंग निघाल्यावर गळती शोधायची. त्याची रीत सोपी आहे: होडी ट्रेलरवर असतानाच तिच्यात बागेच्या नळीने पाणी सोडायचं, आणि खाली आडवं पडून बघायचं, कुठून ठिबकतं. फार भरायचं नाही, ट्रेलरला तेवढं वजन झेपत नाही. जिथे थेंब धरतो तिथे मार्करने गोल करायचा. मी उताणा पडलेला, थेंब चष्म्यावर, आणि वरून आईचा आवाज. ती मावशीशी फोनवर बोलत होती. "लोका होडयेतला पानी उपसतत, आणि ह्यो भरता." पलीकडून मावशी काय म्हणाली कळलं नाही, पण दोघी बराच वेळ हसत होत्या.

ठिबकत होत्या त्या रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या ठोकलेल्या खिळ्या. त्या पुन्हा आवळायला दोन माणसं लागतात: एकाने बाहेरून डोक्यावर जड घण टेकवून धरायचा, दुसऱ्याने आतून शेपटावर हातोडी मारायची. ही विमानातली कला. 1944 मध्ये ग्रमन या लढाऊ विमानांच्या कंपनीतले विल्यम हॉफमन अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगरांत लाकूड आणि कॅनव्हासची जड कनू, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, खांद्यावर वाहून दमले, आणि विमानाच्याच पत्र्याची हलकी का करू नये असं त्यांच्या डोक्यात आलं. युद्ध संपताच त्या विकायलाही लागल्या. आमच्या मिनेसोटात न्यूयॉर्क मिल्स नावाच्या गावात हॉवर्ड लुंड यांनी 1948 मध्ये होड्यांचा कारखाना काढला, तो अजून चालतो. तर घण बायकोने धरला. मी आत, ती बाहेर, मधे पत्रा. एकमेकांचं तोंड दिसत नाही. "धरलास?" "धरला." "आता?" "अरे, मार ना!" पंचवीसेक वर्षांच्या संसारात इतकं मोजकं आणि कामाचं संभाषण आमच्यात क्वचित झालं असेल. एका रिव्हेटला तिने घण धरला नव्हता आणि धरला म्हणाली. कोणत्या, ते मला माहीत आहे. मी बोललो नाही.

रंग लावण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पत्रा घासून खरखरीत करायचा, तेलकटपणा पुसायचा, आम्ल असलेला प्रायमर लगेच मारायचा. उशीर केला तर तो ऑक्साइड पुन्हा धरतो आणि रंग पोपडे होऊन सुटतो. दोन हात. नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना मिनेसोटाचं एम एन आणि पुढचे आकडे, किमान तीन इंच उंच, ठसठशीत, रंगाशी विरोधी. हे सरकारचं. मोरपिशी निवड बायकोची. आजोबा काठी टेकत आले, एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "वाईट नाही." मिनेसोटात यापुढे स्तुती नसते.

आईने पूजेचं काढलं. हळद, कुंकू, नारळ, आणि पाण्याला तिने भारतातून आणलेला तांब्याचा गडू. मी म्हटलं, आई, दुसरं काहीही चालेल, तांबं नको. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी इथे येऊन नेमका कोणता धर्म घेतला हे तिला विचारायचं होतं. शेवटी स्टीलचा तांब्या घेतला. नारळ ट्रेलरच्या लोखंडी जोडावर फोडला. पाणी शिंपडताना ती पुटपुटत होती त्यात माझंही नाव होतं, आणि ज्या होडीने कधी खारं पाणी पाहिलं नाही तिच्यासाठी ती दर्याची करुणा भाकत होती. तांडेलांच्या घरातला एक मुलगा वादळात गेला होता. होडी रंगवलेली होती, सांधे भरलेले होते, पूजा झालेली होती. तिने त्याचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. अक्षता माझ्याही डोक्यावर टाकल्या, मग म्हणाली, "बूच घातलंस मां?"

होडी पाण्याबाहेर काढली की आतलं पाणी सोडायच्या भोकाचं बूच काढूनच न्यायची असा इथे कायदा आहे, एका तळ्यातले उपद्रवी शिंपले दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. घालायला विसरणारेही पुष्कळ असतात. घातलं होतं.

आता होडी बाहेरून मोरपिशी आहे आणि आत तीनही बाकांवर तो लाल, शेवाळी, पोपडे धरलेला रंग तसाच. बायको म्हणते, एवढं केलंस तर आतलंही उरकून टाक, दोन दिवसांचं काम. मी तिला म्हटलं, थंडी येतेय, प्रायमर वाळणार नाही. अजून ऑगस्ट आहे.