ओकमाँटची वाळू

गुरुवार, रात्री साडेअकरा. पिट्सबर्ग.

पोटऱ्या भरून आल्यात. चालण्यामुळे नव्हे, येरवड्याला गोल्फची अठरा होल, म्हणजे एकेका भोकापर्यंतचे टप्पे, मी चालतच खेळतो. आज दिवसभर उतारावर स्वतःला सावरण्यात गेला. लेक झोपायला गेली, जावईबापू अजून हसताहेत.

त्यांच्या हॉस्पिटलमधले एक ज्येष्ठ डॉक्टर ओकमाँटचे मेंबर आहेत. "तुमचे सासरे खेळतात ना, आणा त्यांना," असं ते मागे सहज म्हणाले होते. मी ते सहज घेतलं नाही. ओकमाँट हा खासगी क्लब, मेंबराबरोबर पाहुणा म्हणूनच आत पाऊल पडायचं. यूएस ओपन ही मोठी स्पर्धा तिथे दहा वेळा झाली, दहावी जून २०२५ मध्ये. तीत जे. जे. स्पॉन एक अंडर पारने, म्हणजे मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा (पारपेक्षा) एक कमी मारून जिंकला आणि पारच्या खाली राहिलेला तो एकटाच. जगातल्या निवडक खेळाडूंची ही गत, तर शिरोलीच्या फौंड्रीवाल्याचं काय होणार, हे कालच कळलं होतं. तरी रात्री झोप लागली नाही. भीती हरण्याची नव्हती. दुसऱ्याच्या घरी जेवायला जाऊन ताट सांडण्याची होती.

सकाळी जावयाने बजावलं, "बाबा, फोन गाडीतच ठेवा. आणि कॅडीचे पैसे तुम्ही द्यायचे, पाहुण्यांची पद्धत आहे." कॅडी म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारा, फटका सुचवणारा सोबती. त्याच्यासाठी पाकिटात सुट्ट्या नोटा तीनदा मोजल्या.

पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभा राहिलो आणि दचकलोच. झाडं नाहीत! नुसतं उघडं, लाटांसारखं माळरान. डॉक्टरांनी चालता चालता गोष्ट सांगितली. हेन्री फाउन्सने १९०३ साली हे मैदान आखलं तेव्हा ते असंच उघडं होतं. पुढच्या पिढ्यांनी हौसेने हजारो झाडं लावली. नव्वदीत ती काढायला घेतली, तर मेंबर चिडतील म्हणून सुरुवातीला पहाटेच्या अंधारात तोडायचे आणि उजाडायच्या आत सगळं साफ करून टाकायचे. आता एका होलवर केलेली चूक चार होलवरच्या लोकांना दिसते. मला तर आडोशाची फार सवय.

पहिलंच होल उताराचं, आणि ग्रीनसुद्धा, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, आपल्यापासून लांब, मागे कलणारं. तीस-पस्तीस यार्डांवरून वेजने, चेंडू उंच उडवायच्या काठीने, अगदी सुरेख उचलला चेंडू. ग्रीनच्या मधोमध पडला. मी खूश. तो मात्र थांबेचना, सरळ मागच्या गवतात गेला. कॅडी, कॉलेजातला पोरगा, शांतपणे म्हणाला, "सर, इथे ग्रीनच्या अलीकडे पाडायचा आणि घरंगळू द्यायचा." आधी सांगायचं ना बाबा! पण मी विचारलं कुठे होतं?

मग पुलावरून पलीकडे. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक हा महामार्ग आणि रेल्वेचे रूळ मैदानाच्या मधून जातात, दुसरं ते आठवं होल पलीकडच्या बाजूला. खाली ट्रक धावताहेत आणि वर आपण पांढरे हातमोजे घालून चाललोय.

तिसऱ्या आणि चौथ्या होलच्या मध्ये ते प्रसिद्ध 'चर्च प्यूज'. प्रचंड मोठा बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, आणि त्यात आडव्या गवताच्या ओळी, चर्चमधल्या बाकांसारख्या म्हणे. मला मात्र उसाची सरी-वरंबा दिसली. माझा चेंडू अर्थातच सरीत. पूर्वी इथले सगळेच बंकर जड, रुंद दातांच्या दंताळ्याने ओढून त्यात सऱ्या पाडत, चेंडू अडकावा म्हणून. ढिसाळ फटका मारला तर त्याची किंमत मोजलीच पाहिजे, हे फाउन्स बापलेकांचं तत्त्व. कडक माणसं.

आणि इथेच ताट सांडलं. बंकरमध्ये उतरलो, वाकलो आणि चिमूटभर वाळू उचलून बोटांत चोळली. तीस वर्षं रोज सकाळी साच्यांची वाळू मुठीत दाबून बघितलीय, ओल किती, बांधते किती. हात आपोआप गेला. कॅडी ओरडला, "नो, नो, सर!" बंकरमध्ये चेंडू असताना वाळूची परीक्षा हाताने घेतली की दोन फटके दंड. नियम मला तोंडपाठ आहे, येरवड्याला मी इतरांना सुनावतो. डॉक्टर म्हणाले, "सोडून द्या, मैत्रीचा खेळ आहे." मी नाही सोडले. कार्डावर दोन लिहिले आणि का लिहिले तेही सांगितलं. त्यांना फौंड्री ऐकून एकदम उत्साह आला. हा फाउन्सही लोखंडवालाच! गेल्या शनिवारी नदीकाठच्या ज्या बंद कॅरी फर्नेस बघून आम्ही आलो, तो धंदा मुळात या फाउन्स बंधूंनी काढलेला, पुढे पोलादवाल्या कार्नेगीला विकलेला. आज उभ्या आहेत त्या भट्ट्या नंतरच्या, १९०७ च्या. सुमारे ब्याण्णव फूट उंच. त्यांच्या खाली उभं राहून माझी मान दुखली होती. तेव्हापासून मैदान मला थोडं ओळखीचं वाटायला लागलं. खेळ तेवढाच वाईट.

आठवं होल पार थ्री, तीन फटक्यांत संपवायचं. २००७ च्या ओपनच्या शेवटच्या दिवशी ते ३०० यार्डांवरून खेळवलं होतं. आम्ही बरेच पुढून, तरी मी ड्रायव्हर, सगळ्यांत लांब मारायची काठीच काढली. कोणी हसलं नाही. सभ्य लोक.

ग्रीन्सबद्दल काय लिहू? १९३५ च्या ओपनमध्ये जीन सेराझनसारख्या खेळाडूचा पुट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, इथे घरंगळत ग्रीनबाहेर बंकरमध्ये गेला. ते बघून एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या माणसाने ग्रीनचा वेग मोजायचं साधन बनवलं. साधन म्हणजे काय, एक खाचेची पट्टी. तिरकी धरायची, चेंडू सोडायचा, किती फूट गेला ते मोजायचं. हा तर आमचा रनर! लेडलमधून, म्हणजे ओतायच्या भांड्यातून, ओतलेलं वितळलेलं लोखंड ज्या पन्हळीतून साच्यात जातं, ती. डोळ्याला सपाट दिसलं तरी लोखंडाला उतार बरोबर सापडतो, आणि एकदा ओतलं की आपल्या हातात काही उरत नाही. हे मला बारा होलनंतर सुचलं, तोवर बाविसाव्या वर्षी शिकलेली गोष्ट विसरून मी भोकाकडे बघून मारत होतो. तेराव्याला कॅडीने भोकाच्या चांगलं आठ फूट डावीकडे बोट दाखवलं. मी भोकाकडे बघितलंच नाही. चेंडू गेला, रेंगाळला, वळला, आणि फुटभर अंतरावर थांबला. पोरगा म्हणाला, "दॅट्स इट, सर." दिवसभरातला माझा तेवढा एकच फटका.

अठराव्यावर डॉक्टरांनी स्पॉनने जूनमध्ये चौसष्ट फुटांवरून घातलेल्या पुटची जागा दाखवली. मीही तिथे चेंडू ठेवून बघितला. कुठे गेला ते लिहीत नाही.

एकूण ११७ फटके, दंडासकट. पुट ४६. कॅडीला पैसे देताना मी दोन नोटा जास्त दिल्या, त्याने मोजल्या नाहीत. डॉक्टरांना पुण्याला या म्हटलं. येरवड्याला आमचा कॅडी "साहेब, भोकाच्या बाहेर दोन बोटं" म्हणतो, हेही सांगितलं. दोन बोटांवर ते फार वेळ हसले.

आत्ता मोजे काढले तर त्यांत वाळू. वर्तमानपत्र पसरून झटकली आणि दिव्याखाली बसून निवांत चोळली. दंड करायला कोणी नाही. कोरडी आहे, मुठीत अजिबात बांधत नाही. साच्याला चालायची नाही. पुडी बांधून बॅगेत ठेवली.