डार्बीशरची वेल-ड्रेसिंग: शनिवारी नव्हे, बुधवारी जा

इंग्लंडमधलं खेडं म्हटलं की बहुतेक जण कॉट्सवोल्ड्सची दगडी घरं गाठतात, फोटो काढतात आणि संध्याकाळच्या ट्रेनने परत फिरतात. घरं दिसतात, गावकरी भेटत नाहीत. ते भेटायला हवे असतील तर डार्बीशरमधल्या पीक डिस्ट्रिक्टला जावं, मे ते ऑगस्टच्या दरम्यान, आणि ज्या गावात वेल-ड्रेसिंगची तयारी चालू आहे तिथेच मुक्काम टाकावा.

वेल-ड्रेसिंग म्हणजे गावातला झरा, कुंड किंवा जुना सार्वजनिक नळ सजवणं. पाण्याच्या जागेवर मोठी लाकडी चौकट उभी करतात. तिच्यात ओली चिकणमाती थापलेली असते आणि त्या मातीत पाकळ्या, पानं, शेवाळ, बिया दाबून अख्खं चित्र काढलेलं असतं. हा भाग चुनखडीचा. पाऊस पडला तरी पाणी झिरपून खाली जातं, म्हणून वाहत्या झऱ्याचं अप्रूप. प्रथा नेमकी कधी सुरू झाली यावर एकमत नाही. टिसिंग्टन या गावात दोन गोष्टी ऐकायला मिळतात: चौदाव्या शतकातल्या प्लेगमध्ये गाव वाचलं ते झऱ्यांच्या चांगल्या पाण्यामुळे, किंवा १६१५ च्या दुष्काळात आसपासचं पाणी आटलं, पण इथले झरे आटले नाहीत. प्लेगच्या गोष्टीचं काहीही असो, दुष्काळ खराच होता. यूलग्रेव्हच्या चर्चच्या नोंदवहीत लिहिलंय की त्या वर्षी २५ मार्च ते २ मे थेंब पडला नाही, मग एक सर आली, आणि ४ ऑगस्टपर्यंत आणखी दोनच.

कोणतं गाव निवडायचं? हंगामाची सुरुवात होते टिसिंग्टनपासून. अ‍ॅशबोर्नच्या उत्तरेला चारेक मैलांवरचं हे छोटं गाव. तिथे असेन्शन डेला, म्हणजे ईस्टरनंतरच्या सहाव्या गुरुवारी, सजावट खुली होते. २०२६ मध्ये तो दिवस १४ मे, २०२७ मध्ये ६ मे. सहा ठिकाणं सजवतात, त्यातलं एक खास मुलांचं. गाव देखणं आहे, पण गर्दी प्रचंड, आणि पाहुण्याला बघ्याच्या पलीकडे फारसं काही करता येत नाही. पहिल्यांदाच जाणार असाल तर यूलग्रेव्ह बरं. तिथे मुहूर्त २४ जूनच्या सर्वांत जवळच्या शनिवारचा. टाइड्सवेलचाही त्याच सुमाराचा, त्यामुळे एका फेरीत दोन्ही गावं होतात. बेकवेल, होप वगैरे त्यानंतर जूनअखेर-जुलैत. गावागणिक तारखा पुढे-मागे होतात, तेव्हा त्या वर्षीच्या जुळवून घेतल्याशिवाय खोली आरक्षित करू नका.

यूलग्रेव्हला या प्रकाराचं कारणच नळ आहे. गाव चढावर, ब्रॅडफर्ड नदी खाली दरीत. पाणी बायकांनी डोक्या-खांद्यावरून वर आणायचं. १८२९ मध्ये गावाने नळ टाकून मुख्य रस्त्यावर दगडी गोल टाकी बांधली, सुमारे दीड हजार गॅलनची, म्हणजे जवळपास ६,८०० लिटर. ती आजही तिथेच आहे. त्या आनंदात पहिली सजावट झाली. गावाची पाणीपुरवठा कंपनी आजही गावाचीच आहे, आणि शनिवारी पाचही जागांवर फुलं का वाहतात ते एवढ्यावरून कळतं.

आता मुख्य काम. शनिवारी उभी चौकट दिसते. ती बनते आदल्या आठवड्यात, गॅरेजमध्ये, धान्याच्या कोठारात नाहीतर व्हिलेज हॉलमध्ये. बघण्यासारखं ते आहे.

चौकट जाड फळ्यांची असते. कडेला अडीच-तीन सेंटिमीटर उंच पट्टी आणि आत शेकड्यांनी खिळे अर्धवट ठोकलेले. खिळ्यांशिवाय माती उभ्या फळीवर टिकत नाही. माती थापण्याआधी फळ्या काही दिवस नदीत किंवा तळ्यात बुडवून ठेवतात. हे टाळलं की सगळं फसतं: कोरडं लाकूड मातीतलं पाणी ओढून घेतं, तिसऱ्या दिवशी माती भेगाळते आणि पाकळ्यांसकट पापुद्रे सुटतात. चिकणमाती आसपासचीच खणून आणलेली. खडे वेचून ती पाण्यात भिजवतात, मीठ घालतात आणि पायांनी तुडवतात. मिठामुळे ओल टिकते. मुलांना घेऊन जाणार असाल तर तुडवण्याच्या दिवशी जा, बाकी काही दाखवलं नाही तरी चालेल. माती बरोबर झाली की बोटाने दाबल्यावर ठसा उठतो पण बोटाला माती चिकटून येत नाही. जास्त ओली राहिली तर चौकट उभी करताना सगळं चित्र खाली घसरतं, आणि हे घडतं आदल्या रात्री, जेव्हा दुरुस्तीला वेळ नसतो.

वजनाचा अंदाज असावा. एक चौरस मीटर फळीवर अडीच सेंटिमीटरचा थर म्हणजे पंचवीस लिटर ओली माती, पंचेचाळीस-पन्नास किलो. मोठी चौकट आठ चौरस मीटरची धरली तर नुसती माती चारशे किलोच्या आसपास, लाकूड वेगळं. म्हणून मोठं चित्र तुकड्यांत करतात आणि जागेवर नेऊन जोडतात. ट्रॅक्टर-ट्रेलर आणि दहा-बारा धडधाकट माणसं लागतात. तेवढ्या वेळापुरता पब रिकामा होतो.

चित्राचा पूर्ण आकाराचा कागद ओल्या मातीवर पसरतात आणि रेषांवरून टोच्याने जवळजवळ टोचत जातात. कागद उचलला की मातीत ठिपक्यांची रेघ उरते. ती सुकायच्या आत बाह्यरेषा भरायची असते. त्यासाठी ऑल्डरच्या झाडाची वाळलेली काळी बोंडं एकाला एक लावून बसवतात. कुठे कॉफीच्या बिया, कुठे काळी लोकर. बाह्यरेषा पक्की झाली की टिकाऊ सामान आधी: झाडाची साल, बिया, दगडफूल, शेवाळ, पानं. पाकळ्या सगळ्यांत शेवटी, कारण त्या सगळ्यांत आधी कोमेजतात.

रांगोळीचा हात असलेल्यांनी इथे जरा सावध राहावं. फुलांच्या रांगोळीत पाकळ्या जमिनीवर पसरल्या की झालं, मधून बाहेर भरत गेलं तरी चालतं. इथे चित्र उभं राहणार आहे आणि त्यावर पाऊस पडणार आहे. म्हणून खालच्या कडेपासून सुरुवात करून वर जायचं. प्रत्येक पाकळीचं एक टोक मातीत दाबायचं आणि वरच्या ओळीने खालच्या ओळीचं दाबलेलं टोक झाकायचं, कौलं बसवतात तसं. पाणी मग पाकळीवरून ओघळतं, मातीत शिरत नाही. उलट क्रमाने लावलेला तुकडा पहिल्या सरीत ओळखू येतो. दीड-दोन सेंटिमीटरची पाकळी अर्धी झाकली जाते, त्यामुळे एक चौरस मीटर भरायला काही हजार पाकळ्या लागतात. हायड्रेंजियाला सगळ्यांत जास्त मागणी, कारण रंग टिकतो आणि पाकळी सपाट असते. टिकाऊपणाचा क्रम स्थानिकांना तोंडपाठ आहे. आकाशाचा मोठा निळा पट्टा कशाने भरायचा यावर जाणत्या बायकांचं जे चालतं ते ऐकत बसावं.

आणि म्हणून बुधवार. माती रविवार-सोमवारपर्यंत थापून होते, मंगळवार-बुधवारी बाह्यरेषा आणि टिकाऊ सामान, गुरुवार-शुक्रवारी पाकळ्यांची घाई. बुधवारी काम भरपूर असतं आणि डोकी शांत असतात. शुक्रवारी संध्याकाळी गेलात तर नम्रपणे बाजूला सारले जाल. दिवसा निवृत्त मंडळी असतात, सहानंतर नोकरीवरून परतलेली. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असल्याने काम उशिरापर्यंत चालतं. आत जाताना दारातल्या माणसाला विचारा, डब्यात दोन-तीन पाउंड टाका आणि आधी दहा मिनिटं नुसतं बघा. “काही मदत करू का?” हा प्रश्न त्यानंतर. बऱ्याच ठिकाणी नव्या माणसाला पाकळ्या तोडून रंगवार ट्रेमध्ये लावायला बसवतात. हे काम हलकं समजू नका; ट्रे रिकामा झाला की पूर्ण टेबल थांबतं. तोडलेल्या पाकळ्या थंड जागी, ओलसर कापडाखाली. फळीला हात लावायला मिळाला तर अंगठी काढा. लांब नखांनी माती उचकटते. जुने कपडे घाला. लहान मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढू नका, याबाबत इथे लोक फार काटेकोर असतात.

शनिवारचा कार्यक्रम आटोपशीर. चर्चमधली प्रार्थना, मग ब्रास बँड पुढे आणि गाव मागे अशी एकेका जागेपर्यंत मिरवणूक, पाद्रीबुवांचा आशीर्वाद. मिरवणुकीत कोणीही चालू शकतं. चौकटी साधारण आठवडाभर उभ्या असतात, पण पहिल्या दोन-तीन दिवसांतच बघाव्यात. कडक ऊन पावसापेक्षा वाईट: पाकळ्या तपकिरी पडतात आणि माती आकसते. पाकळ्यांना हात लावायचा नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

त्याच आठवड्यात बहुधा गावाची जत्राही असते, त्यांच्या भाषेत फेट. सुट्टी नाणी घेऊन जा, कारण मोबाइलला रेंज नसेल तिथे कार्डाचं यंत्र रुसतं. केकचा स्टॉल पहिल्या तासात संपतो, तेव्हा आधी तिथे. टोम्बोलात, म्हणजे तिकिटांच्या सोडतीत, बहुतेक ठिकाणी शून्यावर किंवा पाचवर संपणारा आकडा लागतो. बक्षीस म्हणून शाम्पूची बाटली मिळाली तरी हसून घ्या, पुढच्या वर्षी तीच परत स्टॉलवर दिसेल. ऑगस्टकडे गेलात तर भाज्या-फुलांचं प्रदर्शन मिळेल. तिथे नियम कडक असतात: पत्रकात तीन कांदे म्हटलं आणि कोणी चार मांडले, तर कांदे कितीही सुरेख असोत, परीक्षक ‘नियमानुसार नाही’ अशी चिठ्ठी ठेवून पुढे जातात. कांद्यांची मान दोऱ्याने बांधलेली असते, ती बघा. आणि शनिवारी दुपारी मैदानावर क्रिकेट असेल तर तिकीट नसतं, कडेच्या बाकावर खुशाल बसा. गोलंदाजाच्या मागे, साइटस्क्रीनसमोरून ओव्हर चालू असताना जायचं नाही, एवढं आपल्याला कोणी शिकवायला नको.

जायचं कसं. डार्बीहून मॅटलॉकला ट्रेनने पस्तीसेक मिनिटं, तिथून बसने बेकवेल. यूलग्रेव्ह बेकवेलपासून तीन-एक मैलांवर. गावच्या बस थोड्या, संध्याकाळी लवकर बंद होणाऱ्या, रविवारी त्याहून कमी. शेवटची बस चुकली तर अ‍ॅपवर टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नका. परतीची गाडी दुपारीच फोन करून ठरवा. स्वतःची गाडी असेल तर गावात घालू नका, रस्ते एका ट्रॅक्टरच्या रुंदीचे आहेत. त्या दिवसांत शेतात पार्किंग करतात. पावसानंतर गेट आणि चढ यांच्यापासून दूर, सपाट जागी लावा, नाहीतर चाकं रुततील. सोमवारी बेकवेलचा बाजार असतो, पार्किंग सकाळीच भरतं. टिसिंग्टनला सायकलने जाणं उत्तम: अ‍ॅशबोर्नला सायकली भाड्याने मिळतात आणि जुन्या रेल्वेमार्गावरची टिसिंग्टन ट्रेल गावापर्यंत थेट नेते, चढ सौम्य आहे.

खाण्याचं सांगायचं तर शाकाहाऱ्यांची अडचण नाही, चीज-लोणच्याचं सँडविच आणि भाजलेला बटाटा सगळीकडे. अंडं न खाणाऱ्यांनी मात्र केक-स्कोन विचारून घ्यावेत, आणि बेकवेल पुडिंग सोडूनच द्यावं, त्यात अंडं आहेच. जूनमध्येही वीस अंशांच्या वर पारा रोज जात नाही. जर्किन, पाणी न शिरणारे बूट आणि लांब पँट हवीच. पायवाटांच्या कडेला खाजकुयलीसारखं नेटल असतं आणि गवतात गोचिड्या.

जून हुकला तर ऑगस्टअखेर ईम गाठा. १६६५-६६ च्या प्लेगमध्ये पाद्री विल्यम मॉम्पेसनच्या सांगण्यावरून या गावाने स्वतःला बाहेरच्या जगापासून तोडून घेतलं होतं. गावाच्या शिवेवर एक दगड आहे. त्यातल्या खळग्यांत व्हिनेगरमध्ये बुडवलेली नाणी ठेवून गावकरी बाहेरून आलेलं धान्य उचलायचे. तिथल्या वेल-ड्रेसिंगच्या आठवड्यात गावात पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे दहाच्या आत पोचा, गाडी म्युझियमसमोरच्या पार्किंगमध्ये लावा, आधी चालत त्या दगडापर्यंत जाऊन या आणि सजावट परतताना बघा.